नव्या काडतुसांची मापं आणि जुनी .२७० : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, उद्यमबाग

आतेभावाचं काम आजपासून हातात घेतलं. तो कोलोरॅडोत असतो आणि तिथल्या रीतसर परवान्यावर दर वर्षी थंडीच्या तोंडाला एल्कच्या शिकारीला जातो. एल्क सांबराच्याच कुळातलं, पण पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. भावाकडे .२७० विंचेस्टर या जुन्या काडतुसाची रायफल आहे आणि काडतुसं तो स्वतः भरतो. बरोबरच्या मंडळींनी त्याच्या डोक्यात घातलंय, की .२७० आता जुनी झाली, ७ एमएम पीआरसी घे, नाहीतर ६.८ वेस्टर्न घे. फोनवर म्हणाला, "दादा, तू डाय करतोस, पितळ ओढल्यावर त्याचं काय होतं ते तुला कळतं. जाहिरात वाचून सांगणारे इथे पुष्कळ आहेत. तू मापं वाचून सांग."

तेव्हा प्रश्न असा धरला: या नव्या काडतुसांत नवं नक्की काय आहे, आणि त्यातलं किती जुन्या .२७०ला देता येईल?

पद्धत ठरवली ती आपल्या टूलरूमला साजेशी. अमेरिकेत काडतुसांची मापं आणि दाबाच्या मर्यादा 'सामी' ही संस्था ठरवते, आणि तिचे आराखडे कुणालाही बघता येतात. त्यावरून प्रत्येक काडतुसाचा बाह्याकार पाचपट मोठा करायचा, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर लेझरने कापायचा आणि पट्ट्या एकमेकींवर ठेवून बघायच्या. आकड्यांच्या रांगेत जे लपतं ते आकारात लपत नाही.

कामाची हद्दही इथेच लिहून ठेवतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार नाही, आणि १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. त्यामुळे दारू, ती पेटवणारी बुडाची टोपी, भरलेलं किंवा रिकामं काडतूस यातलं काहीही दुकानात येणार नाही. आराखडे, अ‍ॅक्रिलिक आणि हिशोब, एवढंच. दारूचं वजन या वहीत कुठेही लिहिणार नाही. ते त्या-त्या दारूच्या आणि गोळीच्या कंपनीच्या पुस्तकातून, त्याच्या रायफलीपुरतं, भावानेच घ्यायचं आहे.

११ जून

तुलनेला घेतलेली मंडळी:

.२७० विंचेस्टर, १९२५. गोळीचा व्यास .२७७ इंच, म्हणजे ७.०४ मिमी. यंदा हे काडतूस शंभर वर्षांचं झालं.
६.५ क्रीडमोर, २००७, हॉर्नडी. व्यास .२६४ इंच.
६.५ पीआरसी, २०१८. व्यास तोच, पितळ, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, जाड पोटाची.
६.८ वेस्टर्न, २०२१, विंचेस्टर आणि ब्राउनिंग. व्यास .२७०चाच.
७ एमएम पीआरसी, २०२२, हॉर्नडी. व्यास .२८४ इंच.

यांच्याखेरीज .२७७ फ्युरी आणि यंदाच जाहीर झालेली फेडरलची ७ एमएम बॅककंट्री. या दोन्हींचा विषय पितळाचा, खरं म्हणजे पोलादाचा आहे, म्हणून त्यांना शेवटी वेगळं बघेन.

वजनं ग्रेनमध्ये येतात. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. वेग फुटांत येतो. मी सगळं ग्रॅम, मीटर आणि ज्यूलमध्ये उतरवून घेतलं, कारण माझा अंदाज त्याच मापांत चालतो.

१५ जून

नळीच्या तोंडाशी काय असतं तो पहिला हिशोब. आकडे कंपन्यांनी छापलेल्या वेगांवरून:

.२७० विंचेस्टर, १३० ग्रेन : ९३३ मीटर प्रति सेकंद, सुमारे ३,६६० ज्यूल
६.५ क्रीडमोर, १४३ ग्रेन : ८२३ मीटर, सुमारे ३,१४० ज्यूल
६.५ पीआरसी, १४३ ग्रेन : ९०२ मीटर, सुमारे ३,७७० ज्यूल
६.८ वेस्टर्न, १६५ ग्रेन : ९०५ मीटर, सुमारे ४,३८० ज्यूल
७ एमएम पीआरसी, १७५ ग्रेन : ९१४ मीटर, सुमारे ४,७४० ज्यूल

या यादीत सगळ्यात वेगवान कोण? शंभर वर्षांची .२७०. हे मी आधी नीट बघितलं नव्हतं असं नाही, पण एका खाली एक लिहिल्यावर त्याचं वजन कळतं. नवी काडतुसं वेगाच्या मागे गेलेलीच नाहीत. साधारण तोच वेग किंवा त्याहून कमी वेग ठेवून ती जड आणि लांब गोळी फेकतात.

२२ जून

आज सुभेदारकाका दुकानात आले. फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, होते, निवृत्तीनंतर अनगोळला असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमुळे बेळगावात घराघरात एक फौजी आहे, पण हत्यार उघडून त्याच्या आतलं सांगू शकेल असा माणूस विरळा. काकांना पट्ट्यांचे आराखडे दाखवले. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वेग लिहिलास की रे, पण पीळ कुठाय?"

पीळ म्हणजे नळीतल्या आट्यांचा. गोळी किती इंचांत एक पूर्ण फेरा घेते ते माप. .२७०ची प्रचलित नळी दर १० इंचांत एक फेरा देते. ६.५ क्रीडमोर आणि दोन्ही पीआरसी ८ इंचांत. ६.८ वेस्टर्न तर ७.५ किंवा ८ इंचांत. काकांचं म्हणणं, बाकी सगळं सोडून आधी ही ओळ वाच. आज संध्याकाळी तेच करतो.

जाता जाता आपल्याकडच्या .३१५ बोअरवर बोलणं गेलं. इंग्रजांनी फौजेच्या बोअरची रायफल सामान्य माणसाला मिळू नये म्हणून .३०३ बंद ठेवली आणि त्यातून हे ८ मिमीचं नागरी काडतूस इथे रुळलं. इशापूरच्या कारखान्याच्या रायफली खानापूर, चंदगडच्या जुन्या वाड्यांत अजून परवान्यावर असतात. जाड, बोजड गोळी आणि जवळचा पल्ला. काका म्हणाले, "त्या काडतुसात वाईट काही नाही. लांब मारायला ते केलेलंच नव्हतं, एवढंच."

२३ जून

पिळाचा हिशोब. १८७९च्या सुमारास वुलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिल यांनी एक सोपं सूत्र दिलं. गोळीच्या व्यासाचा वर्ग घ्यायचा, त्याला १५० ने गुणायचं आणि पिळाच्या लांबीने भागायचं. उत्तर येतं ती स्थिर राहू शकणाऱ्या गोळीची जास्तीत जास्त लांबी. फार वेगवान गोळीला १५०च्या जागी १८० धरतात. सूत्र जुनं आहे, शिशाच्या गाभ्याच्या गोळ्यांसाठी आहे, पण दिशा अचूक दाखवतं.

७.०४ मिमी व्यास आणि १० इंच, म्हणजे २५४ मिमी पीळ: १५० धरून २९ मिमी, १८० धरून ३५ मिमी.
तोच व्यास आणि ७.५ इंच, म्हणजे १९०.५ मिमी पीळ: ३९ आणि ४७ मिमी.

व्यास तोच, आणि लांबीची मुभा एक तृतीयांशाने वाढली. जुन्या नळीतून फार लांब गोळी सोडली तर ती हवेत नाक सरळ धरत नाही, डोलते, आणि नेम विस्कटतो. म्हणून .२७०च्या गोळ्या शंभर वर्षं १३० ते १५० ग्रेनमध्ये अडकून पडल्या. पितळात ताकद होती, दारूत होती, पण १९२५ साली ठरलेला पीळ पुढे कुणी बदलला नाही. रायफली लाखांनी विकल्या गेल्यावर तो बदलणार तरी कोण? कंपनीने लांब गोळीचं काडतूस त्याच नावाने काढलं असतं, तर जुन्या रायफलवाल्याने ते घालून नेम चुकल्याची तक्रार केली असती. म्हणून पीळ बदलायला नाव बदलावं लागलं. ६.८ वेस्टर्नचा जन्म मला यात दिसतो: व्यास .२७०चाच, पीळ मात्र लांब गोळीचा. त्यातली १७५ ग्रेनची गोळी ८६४ मीटर वेगाने निघते आणि सेकंदाला साडेचार हजार फेरे घेते. जुन्या .२७०ची गोळी जास्त वेगाने जाऊनही ३,७०० च्या आत राहते.

कोलोरॅडोच्या उंचीचा इथे फायदा आहे. २,५०० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण २२ टक्के विरळ असते, त्यामुळे तीच गोळी तिथे थोडी जास्त स्थिर राहते आणि वेगही कमी गमावते. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते आणि यातला थोडा फायदा परत जातो.

२९ जून

पहिल्या चार पट्ट्या कापून झाल्या. पाऊस धो-धो, वीज सारखी जात होती, लेझर मध्येच थांबला की कडा जळतात. तरी मापं मिमीच्या दहाव्या भागात आली आहेत.

.२७० आणि ७ एमएम पीआरसी एकमेकींवर ठेवल्या. दोन्ही भरलेल्या काडतुसांची कमाल लांबी सारखीच, ३.३४० इंच, म्हणजे ८४.८ मिमी. पट्टीवर ४२४ मिमी. म्हणजे दोन्ही एकाच लांबीच्या मॅगझिनमध्ये बसतात. पण पितळाची लांबी? .२७०ची ६४.५ मिमी, पीआरसीची ५७.९ मिमी. पाचपट केल्यावर हा फरक ३३ मिमीचा होतो, आणि तो टेबलावर पडलेला बघताना सगळा विषय उलगडतो. पितळ आखूड करून ती जागा गोळीला दिली आहे. लांब गोळीचं टोक बाहेर राहतं आणि तिचं बूड पितळाच्या पोटात शिरून दारूची जागा खात नाही. आखूड केल्याने गेलेली जागा पोट रुंद करून भरून काढली: .२७०च्या बुडाचा व्यास ११.९ मिमी, पीआरसीचा १३.५.

खांदेही बघा, म्हणजे पितळ मानेकडे निमुळतं होतं तो भाग. .२७०चा खांदा साडेसतरा अंशांचा, उतरता. क्रीडमोर आणि पीआरसीचे ३० अंशांचे, ६.८ वेस्टर्नचा ३५. ताठ खांद्यावर काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, पक्कं टेकतं आणि डायमधून पुन्हा पुन्हा काढताना पितळ पुढे कमी वाहतं. ओढकामात ताठ खांदा काढणं कठीण, घडी पडायची भीती असते. आज ते जमतं, कारण डाय आणि पंच दोन्ही सुधारले.

तिसरी गोष्ट पट्टीवर दिसत नाही, ती चेंबरच्या घशात आहे. गोळी आट्यांत शिरण्याआधीचा तो थोडासा रिकामा भाग. जुन्या चेंबरांत तो सैल असायचा, नव्यांत गोळीच्या व्यासाला जवळजवळ चिकटून असतो, त्यामुळे गोळी तिरकी शिरू शकत नाही. आपल्याकडे पंचाला गाइड बुश किती घट्ट ठेवायचा यावर जे तास जातात, त्यातलाच हा प्रकार.

६ जुलै

आजचा हिशोब भावाला सगळ्यात आधी पाठवायचा आहे. तोंडाचा वेग बाजूला ठेवून ५०० यार्डांवर, म्हणजे ४५७ मीटरवर काय उरतं ते छापील कोष्टकांतून काढलं:

.२७०, १३० ग्रेनची जुन्या घडणीची मऊ नाकाची गोळी : सुमारे ५४९ मीटर प्रति सेकंद, १,२७० ज्यूल
६.५ क्रीडमोर, १४३ ग्रेनची लांब, टोकदार गोळी : सुमारे ६१० मीटर, १,७२० ज्यूल
७ एमएम पीआरसी, १७५ ग्रेन, त्याच घडणीची : सुमारे ७०५ मीटर, २,८२० ज्यूल

क्रीडमोर सुटताना सेकंदाला ११० मीटरने मागे असते आणि ४५७ मीटर अंतरावर .२७०च्या पुढे असते. सगळं काम गोळीच्या आकाराचं. कोलोरॅडोत एल्कसाठी कायद्याने १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड, म्हणजे १,३५६ ज्यूल ऊर्जा लागते. तिथे यातलं प्रत्येक काडतूस बसतं. पण तोच आकडा लांबच्या पल्ल्यालाही मनात धरला, तर जुन्या गोळीची .२७० ५०० यार्डांवर त्याच्या खाली येते.

आता मुद्दा असा, की यात काडतुसाचा दोष किती आणि गोळीचा किती? .२७०साठी आता १४५ ग्रेनची तशीच लांब टोकाची गोळी मिळते, कारखान्याच्या काडतुसात तिचा वेग ९०५ मीटर छापलेला आहे. ती जुन्या १० इंची पिळातून चालावी अशीच बेतलेली आहे. ती घातली की .२७० क्रीडमोरच्या पुढे जाते आणि ५०० यार्डांपर्यंत पुढेच राहते. ७ एमएम पीआरसीला मात्र ती गाठू शकत नाही. म्हणजे दरीचा बराच भाग एका गोळीच्या डब्याने भरतो, आणि उरलेला भाग फक्त नव्या चेंबरने.

हे फोनवर सांगितलं तेव्हा भाऊ थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी दोन हजार डॉलर वाचवले म्हणायचे?" मी म्हटलं, "थांब, धक्क्याचा हिशोब अजून राहिलाय."

१३ जुलै

धक्का. फक्त गोळीचा संवेग धरला, दारूच्या वायूंचा भाग सोडून दिला, म्हणजे खरा धक्का याहून जास्त असतो:

.२७०, १३० ग्रेन : ७.९
६.५ क्रीडमोर : ७.६
६.५ पीआरसी : ८.४
६.८ वेस्टर्न, १६५ ग्रेन : ९.७
७ एमएम पीआरसी : १०.४ (सगळे आकडे किलोग्रॅम गुणिले मीटर प्रति सेकंद)

पीआरसीचा संवेग .२७०पेक्षा ३२ टक्के जास्त. सारख्या वजनाच्या रायफलीत धक्क्याची ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. भावाची रायफल डोंगर चढायला हलकी घेतलेली आहे. हलक्या रायफलीत हा धक्का माणसाला बार उडायच्या आधीच डोळे मिटायला लावतो. काका हेच म्हणाले, रंगरूट नेम चुकतो तो बहुतेक वेळा खांद्याच्या भीतीने. जनावर जखमी होऊन रानात जाणं ही या सगळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. ती टाळायला ५०० यार्डांवरच्या ज्यूलपेक्षा २०० यार्डांवरचा शांत हात जास्त उपयोगी, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते भावाला तसंच कळवलं.

२० जुलै

पितळ. हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हे मिश्रण निवडण्यामागे कारण आहे: इतकं खोल ओढता येणारं पितळ दुसरं नाही. चकती, मग वाटी, मग टप्प्याटप्प्याने नळी. प्रत्येक ओढीनंतर धातू कडक होतो, मध्ये तापवून मऊ करावा लागतो. शेवटी एकाच नगात दोन स्वभाव हवे असतात: बूड कडक, मान मऊ. बार उडाला की मान फुगून चेंबरला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की पितळ किंचित मागे सरतं आणि काडतूस बाहेर निघतं. पितळाची लवचीकता पोलादाच्या जवळजवळ निम्म्या मापांकाची, म्हणून ते हे मागे सरणं सहज करतं.

पुन्हा भरताना मान दर वेळी दाबली आणि ताणली जाते, कडक होत जाते आणि शेवटी तडकते. म्हणून भाऊ काही फेऱ्यांनी फक्त मान आणि खांदा तापवून घेतो. बूड तापवणं हा गुन्हा समजावा. मऊ बूड दाब धरत नाही, आणि त्यामागे माणसाचा डोळा असतो.

बोल्टवर, म्हणजे चेंबरचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्यावर, येणारा जोर काढला. ६५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), म्हणजे ४४८ मेगापास्कल ही .२७० आणि पीआरसी दोघींची कमाल मर्यादा. क्रीडमोरची ६२,०००. बुडाचं बाहेरचं क्षेत्रफळ धरलं तर .२७०ला साधारण ५ टन आणि ७ एमएम पीआरसीला साडेसहा टन येतात. आतलं क्षेत्रफळ याहून कमी आणि भिंतीचं घर्षणही काही भार उचलतं, तेव्हा हा वरचा अंदाज समजावा. तरी दाब तोच असून जोर वाढतो, हे रुंद बुडाचं देणं लक्षात ठेवण्यासारखं आहे. .२७०च्या रायफलीचा बोल्ट तसाच ठेवून नुसती नळी बदलून पीआरसी करता येत नाही, त्याचं एक कारण हे.

आपल्या पावसाशी जोडलेली एक गोष्ट इथे नोंदवतोच. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांत पितळी काडतुसं पावसाळ्यात ठेवल्या जागी तडकायची, विशेषतः घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली. कारण सापडायला वेळ लागला: ओढकामात धातूत अडकून राहिलेला ताण, दमट हवा आणि पागेतला अमोनिया. १९२१ साली ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी हे नीट मांडलं, आणि उपाय म्हणजे कमी उष्णतेवर ताण काढून टाकणं. आपण पितळी भाग ओढून झाल्यावर भट्टीत घालतो ते याच धड्यामुळे. भावाला सांगितलं, पितळ अमोनियाच्या पॉलिशने चमकवू नकोस.

२७ जुलै

टोपी आणि दारू, थोडक्यात.

टोपीच्या दोन पद्धती. बॉक्सर हा इंग्रज अधिकारी, त्याची टोपी अमेरिकेने उचलली. बर्डन हा अमेरिकन, त्याची युरोपने. पुन्हा भरणाऱ्याला बॉक्सर सोयीची: ऐरण टोपीतच असते आणि पितळाला मधोमध एकच छिद्र, म्हणून एका सुईने जुनी टोपी निघते. यादीतल्या पाचही काडतुसांत बॉक्सरच. फरक आकाराचा आहे: ६.५ क्रीडमोरला हॉर्नडी मोठी, ५.३ मिमीची टोपी वापरते, तर फिनलंडची लापुआ कंपनी त्याच काडतुसाचं पितळ लहान, ४.४ मिमीच्या टोपीसाठी करते. लहान खळगा म्हणजे बुडात जास्त धातू, आणि पितळ जास्त फेऱ्या टिकतं. मात्र दोन्ही पितळं एकाच डब्यात मिसळली की गोंधळ ठरलेला.

दारूचा मुख्य प्रश्न उष्णतेचा. भाऊ जुलैत ३० अंशांवर नेम जुळवतो आणि नोव्हेंबरात शून्याखाली बार काढतो. जुन्या दारूंचा वेग तापमानाबरोबर वरखाली होतो. ऑस्ट्रेलियात तयार होणाऱ्या एच-४३५० सारख्या दारू यात स्थिर आहेत आणि क्रीडमोरची कीर्ती बरीचशी या दारूवर उभी आहे. तिची दांडगी बहीण एच-४८३१ ही .२७०ची पिढीजात सोबतीण. दुसऱ्या महायुद्धानंतर तोफांच्या शिलकी दारूतून तिची सुरुवात झाली.

गेल्या वर्षापासून तिकडे दारू मिळणं अवघड झालंय. नायट्रोसेल्युलोजची टंचाई आहे, युक्रेन युद्धामुळे तोफगोळ्यांना ते जास्त लागतं. नायट्रोसेल्युलोज कापसाच्या बोंडातल्या आखूड तंतूंपासून होतं. बैलहोंगलच्या जिनिंगमध्ये सरकीला चिकटून राहतं ते हेच. काडतुसाची निवड करताना नुसती ताकद बघून चालत नाही, त्याचं पितळ, टोपी, दारू दहा वर्षांनी दुकानात असेल का तेही बघावं लागतं. .२७०चं पितळ शंभर वर्षांनी चालू आहे. ६.८ वेस्टर्नचं पितळ करणारे मोजकेच.

३ ऑगस्ट

.२७७ फ्युरी आणि ७ एमएम बॅककंट्री.

इथे नवं काम पितळाने नाही, पोलादाने केलंय. दोन्हींची दाबमर्यादा ८०,००० पीएसआय, ५५२ मेगापास्कल. इतका दाब पितळाचं बूड धरत नाही, टोपीचा खळगा सैल होतो. फ्युरीत सिग कंपनीने बूड स्टेनलेस पोलादाचं, अंग पितळाचं आणि दोघांना धरणारी अ‍ॅल्युमिनियमची चकती असं तीन भागांचं काडतूस केलं. याचाच लष्करी भाऊ ६.८ × ५१, ज्यासाठी अमेरिकी सैन्याने २०२२च्या एप्रिलमध्ये करार केला. बॅककंट्रीत फेडरलने सबंध काडतूसच पोलादी मिश्रधातूचं ओढलं. १७० ग्रेनची गोळी २० इंची आखूड नळीतून ९१४ मीटर वेगाने, असं कंपनी छापते. आवाज दाबणारं नळकांडं लावायचं तर आखूड नळी हवी, आणि आखूड नळीत वेग टिकवायचा तर दाब हवा. यामागचं गणित स्वच्छ आहे.

ओढकाम करणारा म्हणून मला बॅककंट्रीचं काडतूस फार आवडलं. एवढी पातळ, लांब पोलादी नळी, एका टोकाला जाड बूड, आणि पुन्हा मागे सरण्याइतका स्प्रिंग. हत्तरगीला विमानांचे भाग करणाऱ्या ओळखीच्या मंडळींना आराखडा दाखवला तर तेही बराच वेळ बघत राहिले. पण घरी भरणाऱ्यासाठी ही वाट आज नाही. ८०,००० पीएसआयवर चूक माफ होत नाही. भावाच्या यादीतून दोन्ही काढून टाकली.

१७ ऑगस्ट

खानापूरहून मामेभाऊ आला होता. भात पोटरीत येतंय आणि रात्री रानडुकरं शेत नांगरून जातात. भीमगडच्या कडेला गवेही उतरतात. पट्ट्या बघून त्याने विचारलं, "यातलं आपल्याकडं काय चालतंय?" त्याचं नुकसान खरं आहे, आणि भरपाईच्या कागदांत हंगाम निघून जातो तेही खरं. पण त्याला सरळ सांगितलं, यातलं काहीही नाही. कणकेत बार ठेवणारे आहेत गावोगाव. त्याने डुकराआधी गाईचा जबडा जातो आणि कधी पोराचा हात. कुंपण, राखण आणि वनखात्याकडे लेखी तक्रार. सौर कुंपणाचा अर्ज मी त्याला बसून भरून दिला.

७ सप्टेंबर

विसर्जन झालं, कारागीर परत आले, राहिलेली पट्टी कापली. तांब्याच्या गोळीचा प्रश्न या आठवड्यात सोडवला.

कॅलिफोर्नियाने २०१९च्या जुलैपासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. मेलेल्या जनावराचे अवशेष खाऊन गिधाडांच्या पोटात शिसं जातं, म्हणून. कोलोरॅडोत बंदी नाही, पण भावाची इच्छा शिसं सोडायची आहे, घरात लहान मुलं तेच मांस खातात. मला हे मनापासून पटलं. सबंध तांब्याची गोळी बार्न्सने १९८९ पासून बाजारात आणली. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. शुद्ध शिशाशी तुलना केली तर त्याच वजनाला सव्वापट लांबी. म्हणजे पुन्हा पीळ! १० इंची .२७०त १३० ग्रेनची तांब्याची गोळी चालते, ती तशीच बनवलेली असते. त्याहून जड तांब्याची गोळी हवी असेल तर पीळ वाढवणं भाग आहे.

आणि तिथे .२७०ची जुनी अडचण येते, जी पट्टीवर दिसते. पितळ ६४.५ मिमीचं. नळी बदलून पीळ ८ इंच केला तरी लांब गोळी मॅगझिनमध्ये बसवायला आत ढकलावी लागते, आणि तिचं बूड दारूच्या जागेत शिरतं. थोडं नुकसान होतं, फार नाही. घसा थोडा पुढे रीम करून आणि मॅगझिनमध्ये असलेली मिमी-दोन मिमीची मोकळीक वापरून त्यातलं काही परत मिळतं.

२१ सप्टेंबर

भावाला सगळं पाठवलं: पट्ट्यांच्या फाइली, हिशोबाचे तक्ते आणि माझा निर्णय.

यंदाच्या मोसमाला रायफल तीच, १० इंची पीळ, १३० ग्रेनची तांब्याची गोळी, तापमानाला स्थिर दारू, आणि ३०० यार्डांच्या आतच बार. नवीन रायफल घ्यायचीच झाली तर ६.८ वेस्टर्नपेक्षा ७ एमएम पीआरसी, कारण तिचं पितळ आणि गोळ्या जास्त जण करतात. पण मग रायफल जड घ्यायची. ६.५ पीआरसी ही मधली वाट चांगली, मात्र .२७० हातात असताना तिने भावाला विशेष काही मिळत नाही.

५ ऑक्टोबर

उत्तर आलं. नेम जुळवून झाला, रायफल तीच ठेवतोय. नळी झिजली की .२७०चीच पण ८ इंची पिळाची लावणार, आणि घशाचं माप किती ठेवायचं ते विचारतोय. त्यासाठी कुठली जड तांब्याची गोळी वापरणार ते आधी ठरव आणि तिच्या बुडापासून नाकाचा निमुळता भाग सुरू होतो तिथपर्यंतची लांबी व्हर्नियरने मोजून पाठव, असं लिहिलंय. माप आलं की .२७०ची दुसरी पट्टी कापायची, या वेळी गोळी आत-बाहेर सरकवता येईल अशी दोन तुकड्यांत.